पेनड्राइव्हवरून चालणारा प्लेअर: लॅपटॉप कुणाचाही असो, गाणी आपलीच

सोसायटीचा गणपती असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो की घरची हळद, गाणी लावायचं काम ज्याच्या गळ्यात पडतं त्याला लॅपटॉप मात्र दुसऱ्याचाच मिळतो. कुणाच्या लॅपटॉपवर फाइलवर क्लिक केलं की भलतंच अ‍ॅप उघडतं, कुणाचा प्लेअर अपडेट मागत बसतो, हॉलमध्ये नेटला रेंज नसते. स्ट्रीमिंग अ‍ॅपच्या भरवशावर राहिलं तर आरतीच्या तोंडावर साबणाची जाहिरात सुरू होते. अ‍ॅपमध्ये डाउनलोड करून ठेवलेली गाणीही कामाची नाहीत, कारण ती त्या अ‍ॅपपुरती कुलूपबंद असतात. पेनड्राइव्हवर कॉपी केली तरी दुसरीकडे वाजत नाहीत. म्हणून आधी स्वतःच्या मालकीच्या साध्या फाइली जमवा: विकत घेतलेल्या, सीडीवरून उतरवलेल्या किंवा स्वतः रेकॉर्ड केलेल्या.

मग गाण्यांसोबत प्लेअरही पेनड्राइव्हवर ठेवायचा, त्याची सेटिंगंही तिथेच, आणि हे सगळं एका डबलक्लिकवर सुरू करणाऱ्या दोन-चार छोट्या स्क्रिप्ट. स्क्रिप्टचं नाव काढलं की लोक बिचकतात, पण इथल्या स्क्रिप्ट जास्तीत जास्त पाच ओळींच्या आहेत. त्यांनी हुशार असायची गरज नाही. 'मी आत्ता कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरमध्ये आहे' एवढं त्यांना कळलं की काम झालं. समोरच्या लॅपटॉपबद्दल काहीही गृहीत धरायचं नाही, हा एक नियम धरून बाकी सगळं येतं.

टाइप करण्याबद्दल एक सूचना. स्क्रिप्टच्या ओळी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत, इंग्रजी आकड्यांनिशी टाइप करायच्या. चिन्हं आणि मधल्या मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवायच्या. जिथे उच्चारावरून स्पेलिंग चुकू शकतं, तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

पेनड्राइव्ह कुठला आणि फॉरमॅट कुठलं

महागडा ड्राइव्ह लागत नाही. ३२० केबीपीएसचं एमपी३ गाणं सेकंदाला फक्त ४० केबी वाचतं, म्हणजे जुन्यातला जुना यूएसबी २.० पेनड्राइव्हही त्याला पुरून उरतो. जागेचा हिशेब सोपा आहे: या दर्जाचं गाणं मिनिटाला २.४ एमबी घेतं, पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. ३२ जीबीच्या ड्राइव्हवर अडीच हजारांच्या आसपास गाणी मावतात. मंद ड्राइव्हचा त्रास एकाच ठिकाणी जाणवतो, प्लेअर पहिल्यांदा उघडताना. तिथे काही सेकंद लागतात. तेव्हा अधीर होऊन चारदा क्लिक करू नका, चार प्लेअर उघडतील आणि चारही गातील.

फॉरमॅटमध्ये फॅट३२ की एक्सफॅट, एवढाच प्रश्न आहे. तोच पेनड्राइव्ह गाडीच्या स्टिरिओला किंवा जुन्या अँप्लिफायरलाही लावायचा असेल तर फॅट३२ घ्या. त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल ठेवता येत नाही, पण गाण्यांच्या बाबतीत ही अडचण येतच नाही. फक्त संगणकालाच लावायचा असेल तर एक्सफॅट. फॉरमॅट केल्यावर ड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, तेव्हा आधीचा माल दुसरीकडे हलवून ठेवा.

प्लेअर

मी इथे एमपीव्ही घेतो. हा फुकट आणि मुक्त प्लेअर २०१२ मध्ये एमप्लेअरच्या कुळातून फुटून निघाला. त्याला मेनू, सजावट, लायब्ररी असलं फारसं काही नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे. स्क्रिप्टमधून त्याला जे सांगाल ते तो निमूट करतो. दुसरं म्हणजे, प्लेअरच्या फाइलशेजारी ठरावीक नावाचं एक फोल्डर ठेवलं की तो आपली सगळी सेटिंगं त्यातूनच वाचतो आणि त्यातच लिहितो, समोरच्या लॅपटॉपवर काही ठेवत नाही.

व्हीएलसी का नाही, असं कुणीही विचारेल. व्हीएलसीची झिप फाइल पेनड्राइव्हवर उघडली तर तो चालतो खरा, पण सेटिंगं लॅपटॉपवरच्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये लिहितो. पुढच्या लॅपटॉपवर गेलात की पुन्हा पहिल्यापासून. पोर्टेबलअ‍ॅप्सने तयार केलेली व्हीएलसीची आवृत्ती ही अडचण सोडवते. व्हीएलसीची सवय असेल तर ती घ्या, खालच्या स्क्रिप्ट थोड्या बदलून तिलाही लागू पडतील.

एमपीव्हीच्या अधिकृत संकेतस्थळावर विंडोजसाठी तयार केलेल्या प्रतींचे दुवे आहेत. तिथे एकाच आवृत्तीच्या अनेक फाइली दिसतात आणि चूक इथेच होते. नावाच्या शेवटी 'व्ही३' असलेली प्रत घेऊ नका. ती साधारण २०१३ नंतरच्या प्रोसेसरसाठी आहे. शाळेतल्या जुन्या संगणकावर ती उघडणारच नाही. साधी ६४-बिट प्रत घ्या. नव्या आवृत्त्यांना किमान विंडोज १० लागतं, हेही लक्षात असू द्या.

फाइल सेव्हन-झिप प्रकारची असते. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्या ती थेट उघडतात, इतरांना सेव्हन-झिप हा फुकट प्रोग्रॅम लागेल. उघडण्याआधी फाइलवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि खाली 'अनब्लॉक'चा चौकोन दिसला तर त्यावर खूण करा. नेटवरून आलेल्या फाइलीला विंडोज एक अदृश्य चिठ्ठी चिकटवून ठेवतं. ती तशीच राहिली तर पुढे 'विंडोजने तुमच्या पीसीचं संरक्षण केलं' असा निळा फलक आडवा येऊ शकतो. ही चिठ्ठी एनटीएफएस फॉरमॅटमध्येच टिकते. फॅट३२ किंवा एक्सफॅटच्या पेनड्राइव्हवर कॉपी करताना ती गळून पडते, हा आपल्या पथ्यावर पडणारा भाग.

उघडलेल्या फोल्डरमध्ये 'इन्स्टॉलर' नावाचं उपफोल्डर दिसलं तर त्यातलं काही चालवू नका. ते प्लेअरची नोंद लॅपटॉपच्या रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीत, करण्यासाठी आहे, आणि आपल्याला ते टाळायचंच आहे. मी तर ते फोल्डर काढूनच टाकतो.

फोल्डरांची मांडणी

पेनड्राइव्हवर अगदी वरच्या पातळीवर तीन फोल्डर करा: प्लेअर, गाणी आणि कार्यक्रम. नावं रोमन लिपीतच ठेवा, म्हणजे पी-एल-ए-वाय-ई-आर, जी-ए-ए-एन-आय आणि के-ए-आर-वाय-ए-के-आर-ए-एम. गाण्यांच्या फाइलींची नावं देवनागरीत असली तरी चालतील, प्लेअरला ती व्यवस्थित वाचता येतात. पण स्क्रिप्टमध्ये जे नाव लिहावं लागतं ते रोमन असलेलं बरं, कारण विंडोजची काळी कमांड खिडकी आणि देवनागरी यांचं फारसं सख्य नाही. मात्रा इकडच्या तिकडे होतात, कधी नुसते चौकोन दिसतात.

एमपीव्हीच्या सगळ्या फाइली प्लेअर फोल्डरमध्ये टाका. मग त्याच फोल्डरात आणखी एक रिकामं फोल्डर करा आणि त्याला 'पोर्टेबल_कॉन्फिग' हे नाव द्या. मधे खालची रेघ आहे, आडवी नाही. वर म्हटलं ते ठरावीक नाव हेच. एक अक्षर चुकलं तरी प्लेअर तक्रार करणार नाही. तो गुपचूप लॅपटॉपवरच्या फोल्डरकडे वळेल आणि तुमची सेटिंगं का लागू होत नाहीत याचा विचार करत तुम्ही बसाल.

सेटिंगची फाइल

नोटपॅड उघडा आणि पुढच्या ओळी लिहा:

फोर्स-विंडो=येस
व्हॉल्यूम=७०
व्हॉल्यूम-मॅक्स=१००
रिप्लेगेन=ट्रॅक
सेव्ह-पोझिशन-ऑन-क्विट=येस
इग्नोर-पाथ-इन-वॉच-लेटर-कॉन्फिग=येस

ही फाइल पोर्टेबल_कॉन्फिग फोल्डरमध्ये 'एमपीव्ही.कॉन्फ' नावाने साठवायची. शेवटचा तुकडा सी-ओ-एन-एफ असा. साठवताना नोटपॅडच्या खालच्या यादीत 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर मागे टीएक्सटी चिकटतं. विंडोज फाइलींची शेपटी लपवून ठेवतं म्हणून ते दिसतही नाही. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करून ठेवलंत तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

पहिल्या ओळीमुळे नुसतं गाणं वाजत असतानाही खिडकी दिसते. ती नसेल तर आवाज येतो, पण बंद कुठून करायचा ते कळत नाही. व्हॉल्यूम-मॅक्स शंभरावर बांधलं आहे, कारण एरवी हा प्लेअर १३० टक्क्यांपर्यंत जातो आणि हॉलच्या स्पीकरवर आवाज फाटतो. आवाज वाढवायचा तो मिक्सरवर.

रिप्लेगेनची ओळ वेगवेगळ्या काळातल्या रेकॉर्डिंगांचा आवाज एका पातळीवर आणते. जुन्या तबकड्यांवरून आलेली नाट्यगीतं हळू आणि आजची लग्नातली गाणी कर्कश, हा फरक त्याने बराच कमी होतो. पण त्यासाठी प्रत्येक फाइलीत आधी मोजमापाची नोंद असावी लागते. ती घरच्या संगणकावर फूबार२००० या प्लेअरमध्ये करता येते: सगळी गाणी निवडा, राइट-क्लिक, रिप्लेगेन, प्रत्येक फाइलचा ट्रॅक गेन स्कॅन करा आणि शेवटी 'अपडेट फाइल टॅग्ज' दाबा. यात गाण्याच्या ध्वनीला हात लागत नाही, फक्त फाइलीत आकडा लिहिला जातो. एकूण आवाज थोडा खाली येतो, त्याने घाबरू नका.

शेवटच्या दोन ओळी मला सगळ्यात उपयोगी वाटतात. सेव्ह-पोझिशनमुळे प्लेअर बंद करताना कुठलं गाणं कुठवर आलं होतं ते लक्षात राहतं. ही नोंद साठवताना प्लेअर फाइलीचा पूर्ण पत्ता धरतो, ड्राइव्हच्या अक्षरासकट. घरी पेनड्राइव्ह 'ई' असेल आणि मंडळाच्या लॅपटॉपवर 'जी' झाला, तर प्लेअरच्या लेखी ते वेगळंच गाणं ठरतं आणि तो पहिल्यापासून सुरू करतो. इग्नोर-पाथ म्हटलं की तो फक्त फाइलीचं नाव बघतो. याची एक किंमत आहे. दोन फोल्डरांत '०१.एमपी३' अशा एकाच नावाच्या फाइली असतील तर त्यांची गल्लत होते. म्हणून गाण्यांना नुसते आकडे न देता पूर्ण नावं द्या.

पहिली स्क्रिप्ट

पेनड्राइव्हच्या वरच्या पातळीवर, फोल्डरांच्या शेजारी, ही फाइल 'गाणी-लावा.बॅट' नावाने साठवा. नाव रोमनमध्ये, आणि साठवताना पुन्हा 'ऑल फाइल्स'.

@इको ऑफ
सीएचसीपी ६५००१ >एनयूएल
सीडी /डी "%~डीपी०"
इफ नॉट एक्झिस्ट "प्लेअर\एमपीव्ही.ईएक्सई" (इको प्लेअर सापडला नाही & पॉज & एक्झिट /बी)
स्टार्ट "" "प्लेअर\एमपीव्ही.ईएक्सई" --शफल --लूप-प्लेलिस्ट=इन्फ "गाणी"

इको म्हणजे ई-सी-एच-ओ. पहिल्या ओळीमुळे पुढच्या आज्ञा पडद्यावर छापल्या जात नाहीत. दुसरी ओळ खिडकीला यूटीएफ-८ या सगळ्या लिपी सामावणाऱ्या पद्धतीवर आणते, त्यामुळे देवनागरी नावांची मोडतोड होत नाही. तिच्या शेवटच्या शब्दात एन-यू-एल इतकंच, एल एकदाच. नोटपॅडमध्ये साठवतानाही एन्कोडिंग साधं 'यूटीएफ-८' ठेवा, 'विथ बीओएम' नको. बीओएम ही फाइलीच्या सुरुवातीची अदृश्य खूण. ती राहिली तर पहिल्याच ओळीला विचित्र चिन्हांसकट एरर येते.

तिसरी ओळ म्हणजे सगळ्याचा कणा. टक्के, टिल्ड, डी, पी, शून्य: या पाच खुणांचा अर्थ 'ही स्क्रिप्ट ज्या ड्राइव्हवर आणि ज्या फोल्डरमध्ये आहे तो पत्ता'. पेनड्राइव्ह ई असो, एफ असो की एच, इथे त्या वेळचा खरा पत्ता येतो. सीडीपुढचं '/डी' सोडू नका, त्याच्याशिवाय फोल्डर बदलतं पण ड्राइव्ह बदलत नाही. काहीजण म्हणतील की डबलक्लिक केलं की स्क्रिप्ट आपोआप स्वतःच्या फोल्डरातच सुरू होते, मग ही ओळ कशाला? डबलक्लिकपुरतं ते खरं आहे. पण कुणी अतिउत्साहात 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' केलं तर ती विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरात सुरू होते आणि तिथे तुमची गाणी नसतात.

याच पत्त्यात एक खोच आहे. त्याच्या शेवटी उलटी तिरकी रेघ आधीच असते. हा पत्ता अवतरणचिन्हांत घालून तसाच एखाद्या प्रोग्रॅमला दिला, तर ती रेघ आणि बंद होणारं अवतरणचिन्ह एकत्र वाचलं जातं आणि प्रोग्रॅम गोंधळतो. पुढेमागे स्क्रिप्टमध्ये बदल करून पूर्ण फोल्डरच प्लेअरला द्यायचं झालं, तर शून्यानंतर एक टिंब द्या आणि मग अवतरणचिन्ह बंद करा.

शेवटच्या ओळीत 'स्टार्ट'नंतरची रिकामी अवतरणचिन्हं ही छपाईची चूक नाही. स्टार्ट ही आज्ञा अवतरणातला पहिला मजकूर खिडकीचं शीर्षक समजते. रिकामी जोडी दिली नाही तर प्लेअरचा पत्ताच शीर्षक होतो आणि भलतंच काहीतरी उघडतं. ईएक्सई म्हणजे ई-एक्स-ई. इन्फ म्हणजे आय-एन-एफ, सगळी गाणी संपली की पुन्हा पहिल्यापासून.

यासाठी साधा शॉर्टकट का चालत नाही, तेही सांगतो. शॉर्टकटमध्ये ड्राइव्हचं अक्षर कोरलेलं असतं, ते बदललं की तो मुका. पूर्वी पेनड्राइव्ह लावताच ऑटोरनने प्रोग्रॅम आपोआप सुरू व्हायचे. २००८ मध्ये आलेला कॉनफिकर हा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा घातक प्रोग्रॅम, त्याच वाटेनेही पसरला. विंडोज ७ पासून पेनड्राइव्हसाठी ते दार बंद झालं, २०११ मध्ये एक्सपी आणि व्हिस्टालाही तसं अपडेट मिळालं. तेव्हा एक डबलक्लिक आपल्याला करावाच लागणार, आणि ते बरंच आहे.

प्लेअर सुरू झाल्यावर माऊसची गरज नाही. स्पेसबारने थांबतो आणि चालू होतो, > आणि < या खुणांनी पुढचं-मागचं गाणं, ९ आणि ० ने आवाज कमी-जास्त, एम ने मुका, क्यू ने बंद. खिडकी समोर असली पाहिजे, एवढंच.

स्नेहसंमेलनाची स्क्रिप्ट

आरतीच्या आधी मंद गाणी लावून ठेवणं वेगळं आणि रंगमंचावर नाच बसवलेली गाणी लावणं वेगळं. तिथे क्रम ठरलेला असतो, आणि एक गाणं संपलं की पुढचं आपोआप सुरू होता कामा नये. तिसरीची मुलं अजून खाली उतरत असताना पाचवीचं लेझीम वाजायला लागलं की विंगेत काय होतं, ते शिक्षकांना विचारा.

आधी यादी. कार्यक्रम फोल्डरमध्ये त्या दिवसाची गाणी टाका, नावाच्या सुरुवातीला ०१, ०२ असे दोन अंकी आकडे द्या आणि पुढे नाचाचं नाव लिहा. नुसतं १, २, १० लिहिलंत तर फाइल एक्सप्लोररमध्ये क्रम बरोबर दिसतो, पण स्क्रिप्टच्या यादीत १ नंतर १० आणि मग २ येतो. आता 'यादी-करा.बॅट':

@इको ऑफ
सीएचसीपी ६५००१ >एनयूएल
सीडी /डी "%~डीपी०कार्यक्रम"
डीआयआर /बी /ओएन *.एमपी३ >यादी.एम३यू८

डीआयआर म्हणजे डी-आय-आर. '/बी'मुळे नुसती नावं येतात, '/ओएन'मुळे नावाप्रमाणे क्रम लागतो. इथे '/एस' जोडायचा मोह टाळा, कारण मग प्रत्येक ओळीत ड्राइव्हच्या अक्षरासह पूर्ण पत्ता येतो आणि यादी त्या एका संगणकाची बांधील होते. नुसतं नाव असलं की प्लेअर यादी जिथे आहे त्याच फोल्डरात गाणं शोधतो. तयार झालेली यादी नोटपॅडमध्ये उघडून ओळी वर-खाली करता येतात. # ने सुरू होणारी ओळ प्लेअर वाचत नाही, म्हणून तिथे 'इथे पाहुण्यांचा सत्कार' अशा नोंदी स्वतःसाठी लिहून ठेवता येतात. आयत्या वेळी नाच पुढेमागे झाला तर एक ओळ उचलून दुसरीकडे ठेवायची, साठवायचं आणि प्लेअर पुन्हा उघडायचा. यादी-करा मात्र पुन्हा चालवू नका, हाताने लावलेला क्रम पुसला जाईल.

'रंगमंच.बॅट'च्या पहिल्या चार ओळी पहिल्या स्क्रिप्टसारख्याच. शेवटची ओळ अशी:

स्टार्ट "" "प्लेअर\एमपीव्ही.ईएक्सई" --पॉज --कीप-ओपन=ऑलवेज --रिझ्यूम-प्लेबॅक=नो --सेव्ह-पोझिशन-ऑन-क्विट=नो --ऑडिओ-एक्स्क्लुझिव्ह=येस --प्लेलिस्ट="कार्यक्रम\यादी.एम३यू८"

पॉजमुळे पहिलं गाणं तयार होऊन थांबतं. निवेदिकेने नाव घेतलं की स्पेसबार. कीप-ओपनमुळे गाणं संपल्यावर प्लेअर तिथेच उभा राहतो. > दाबून पुढचं आणायचं, आणि ते थांबलेलं असेल तर पडदा उघडल्यावर स्पेसबारने सोडायचं. रिझ्यूम आणि सेव्ह इथे मुद्दाम बंद केले आहेत, कारण तालमीत अर्ध्यावर बंद केलेलं गाणं कार्यक्रमातही अर्ध्यावरून सुरू झालेलं कुणालाच नको असतं.

ऑडिओ-एक्स्क्लुझिव्हने प्लेअर ध्वनीचं साधन एकट्यासाठी ताब्यात घेतो. लॅपटॉपच्या मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर निरोप आला तरी त्याचं 'टिंग' हॉलभर घुमत नाही. यासाठी मात्र दुसऱ्या कुठल्या प्रोग्रॅमने ते साधन आधीच तसं धरलेलं नसावं. ब्राउझर बंद करून ठेवा. आवाज आलाच नाही तर स्क्रिप्टमधून तेवढा तुकडा काढा आणि पुन्हा बघा. आणि प्रोजेक्टर एचडीएमआयने जोडला असेल तर विंडोज आवाजही बऱ्याचदा प्रोजेक्टरकडे वळवतं. टास्कबारवरच्या स्पीकरच्या चित्रावर क्लिक करून योग्य साधन निवडा, आणि त्यानंतर प्लेअर उघडा.

थांबवणं आणि काढणं

'थांबवा.बॅट' म्हणजे एकच ओळ:

टास्ककिल /आयएम एमपीव्ही.ईएक्सई

टास्ककिल हा सलग एकच शब्द. नेटवर बहुतेक ठिकाणी याला '/एफ' जोडलेला दिसेल. तो जोडू नका. त्याने प्लेअर जबरदस्तीने मारला जातो आणि कुठवर ऐकलं त्याची नोंद होत नाही. '/एफ' नसेल तर त्याला बंद व्हायची रीतसर विनंती जाते आणि तो नोंद करून बंद होतो. मात्र त्या लॅपटॉपवर मालकाचा स्वतःचा एमपीव्ही चालू असेल तर तोही बंद होईल.

पेनड्राइव्ह 'वापरात आहे' असं सांगून विंडोज काढू देत नसेल, तर प्लेअर अजून चालू असतो किंवा पेनड्राइव्हवरचं एखादं फोल्डर नाहीतर काळी खिडकी उघडी असते. सगळं बंद करून टास्कबारवरून 'इजेक्ट' करा. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून ड्राइव्ह झटकन काढता येईल अशीच मूळ सेटिंग असते, तरी प्लेअर नोंद लिहीत असताना हिसकावू नका. आणि 'लॅपटॉपवर काहीच मागे राहत नाही' अशा समजुतीत राहू नका. प्लेअर काही ठेवत नाही, पण कुठला यूएसबी ड्राइव्ह लावला होता याची नोंद विंडोज स्वतः ठेवतं.

प्लेअर उघडलाच नाही तर

निळा फलक आला तर 'मोर इन्फो' आणि मग 'रन एनीवे'. पण तो लॅपटॉप कार्यालयाचा असेल आणि 'तुमच्या प्रशासकाने अडवलं आहे' असं म्हणत असेल, तर वाद घालू नका. तिथे पेनड्राइव्हवरचे प्रोग्रॅम मुद्दाम बंद केलेले असतात. गाणी साध्या एमपी३ फाइली आहेत आणि नावांत क्रम आहे, तेव्हा त्याच लॅपटॉपच्या प्लेअरमध्ये कार्यक्रम फोल्डर उघडून काम भागतं. दोन अंकी आकड्यांचा हा दुसरा फायदा.

झेरॉक्सच्या दुकानात पेनड्राइव्ह लावून आलात आणि सगळी फोल्डर गायब होऊन त्यांच्या जागी त्याच नावाचे शॉर्टकट दिसले, तर तो जुना ओळखीचा व्हायरस आहे. शॉर्टकटवर क्लिक करू नका. आधी अँटिव्हायरसने पेनड्राइव्ह तपासून घ्या. मग कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे त्या काळ्या खिडकीत, पेनड्राइव्हचं अक्षर आणि विसर्गासारखी दोन टिंबं टाइप करून त्यावर जा आणि ही आज्ञा द्या:

अ‍ॅट्रिब -एच -एस -आर /एस /डी *.*

ए-टी-टी-आर-आय-बी. लपवलेली फोल्डर परत दिसू लागतात, शॉर्टकट तेवढे पुसून टाका. त्यानंतर प्रत्येक बॅट फाइलीवर राइट-क्लिक करून 'एडिट'ने ती उघडा आणि ओळी आपल्याच आहेत ना ते बघा. पाच ओळींची स्क्रिप्ट ठेवण्याचा हा मोठा फायदा, सहावी ओळ असेल तर लगेच दिसते.

मॅक आणि लिनक्सवर यातलं काही चालणार नाही, कारण बॅट फाइली आणि ईएक्सई दोन्ही विंडोजचे. त्या संगणकांवर एमपीव्ही असेल तर त्यात यादी.एम३यू८ थेट उघडते, नुसत्या नावांची यादी तिथेही तितकीच चालते.

पडद्यावर गाण्यांची यादी बघत, शोधत ऐकायची सवय असेल त्यांना एमपीव्ही ओकाबोका वाटेल. त्यांनी फूबार२००० घ्यावा. इन्स्टॉल करताना तो 'स्टँडर्ड की पोर्टेबल' असं विचारतो. पोर्टेबल निवडून पेनड्राइव्हवरचं फोल्डर दाखवा, की सेटिंगं तिथेच राहतात. स्क्रिप्टच्या चौथ्या आणि शेवटच्या ओळीत एमपीव्हीच्या जागी त्याचा पत्ता टाका, शेवटच्या ओळीतल्या -- ने सुरू होणाऱ्या सूचना काढा, कारण त्या एमपीव्हीच्या आहेत. बाकीच्या ओळी त्याच.

घरून निघण्यापूर्वीची चाचणी

सगळं तयार झालं की पेनड्राइव्ह आपल्याच संगणकावर परका करून बघा. स्टार्टच्या बटणावर राइट-क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, पेनड्राइव्हवर राइट-क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' निवडा आणि त्याला झेड हे अक्षर द्या. इथे चुकून दुसऱ्या ड्राइव्हला हात लावू नका. नाव आणि आकार बघूनच क्लिक करा. मग वायफाय बंद करा आणि चारही स्क्रिप्ट एकेक चालवा. यादी-करा ही पहिली चालवा, म्हणजे रंगमंचला नवी यादी मिळेल; यादीचा क्रम हाताने लावून झाला असेल तर मात्र ती वगळा. गाणी-लावा चालू करून एखाद्या गाण्याच्या मध्यावर थांबवा, पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावा, अक्षर बदलून आणखी वेगळं करा आणि ते गाणं त्याच ठिकाणाहून सुरू होतंय का बघा. होत नसेल तर पोर्टेबल_कॉन्फिग फोल्डर उघडा. आत 'वॉच_लेटर' नावाचं उपफोल्डर तयार झालेलं नसेल, तर फोल्डरच्या किंवा एमपीव्ही.कॉन्फच्या नावाचं स्पेलिंग पुन्हा तपासा.